पाचव्या रिळातला खुनी

कोल्हापुरात डॉ. यशोधरा बावडेकरांकडे दात दाखवायला गेलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जात. पहिला, दुखतंय कुठे? आणि दुसरा, तुमच्या घरात, माळ्यावर, अडगळीत कुठे जुन्या सिनेमाची फीत पडलीय का? तोपर्यंत तोंडात आरसा गेलेला असल्यामुळे बिचाऱ्याला फक्त मान हलवता येई. शंभरातला एखादा होकारार्थी हलवी. त्याची दाढ डॉक्टर जरा जास्तच जपून काढत.

अशा होकारांतून त्यांचा संग्रह उभा राहिला होता. संग्रह फक्त रहस्यपटांचा, तोही बोलपट येण्याआधीच्या काळातला. देवादिकांचे मूकपट कुणी ना कुणी थोडेफार जपले होते. खून, दरोडे, बुरखेवाले आणि फौजदार यांना मात्र वाली नव्हता. जुन्या फितीवरची चांदी धुऊन काढायची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या करायच्या, असा तेव्हा धंदाच होता. कितीतरी खुनांच्या बांगड्या होऊन बाजारात गेल्या. वाचलेल्यांमागे यशोधराबाई कागलपासून बेळगावपर्यंत फिरल्या होत्या.

संग्रहातलं त्यांचं सगळ्यात लाडकं रत्न म्हणजे ‘दीपमाळेखालचा खून’. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री देवळासमोरच्या दीपमाळेखाली गावच्या इनामदाराचं प्रेत सापडतं. संशय तिघांवर: विधवा भावजय, कीर्तनकार बुवा आणि गावचा कुलकर्णी. चौथ्या रिळाच्या शेवटी फौजदार सगळ्या गावाला देवळापुढे गोळा करतो आणि दीपमाळ पेटवायला लावतो. मग पडद्यावर अक्षरं येतात: ‘गुन्हेगार या उजेडात उभा आहे!’ कॅमेरा गर्दीच्या चेहऱ्यांवरून हळूहळू सरकू लागतो आणि रीळ संपतं.

पाचवं रीळ सांगलीत होतं, वकील अच्युत शिरगावकरांच्या कपाटात. अच्युतराव हे यशोधराबाईंचे पूर्वीचे यजमान. दोघांनी मिळून फिती जमवल्या, दोघांनी मिळून भांडणं केली आणि शेवटी वेगळे झाले तेव्हा भांडीकुंडी, पुस्तकं, फिती सगळ्याची वाटणी झाली. शाबूत चार रिळं हिच्याकडे गेली आणि पाचवं त्याच्याकडे. ते पाचवं म्हणजे नुसता गोळा होता. नायट्रेटची फीत जुनी झाली की तिला घाम सुटतो, एकेक वेटोळं दुसऱ्याला चिकटतं आणि शेवटी त्याची तपकिरी वडी होते. उलगडायला जावं तर भुगा आणि जरा उष्णता लागली तर भडका. प्रश्न एकीकडे राहिला आणि उत्तर दुसरीकडे, तेही कुलूपबंद.

२०३८ सालच्या जानेवारीत तस्नीम बागवान नावाची मुलगी अक्कलदाढ काढायला आली. डॉक्टरांनी नेहमीचे दोन्ही प्रश्न विचारले. दुसऱ्याला तिने नकारार्थी मान हलवली, पण काहीतरी सांगायची तिची धडपड चालू होती. दाढ निघाली, कापसाचा बोळा बसला, तरी ती बोळ्याआडून बोललीच.

“फीत नाही माझ्याकडे, मॅडम. पण फीत न उघडता वाचणारं यंत्र आहे.”

यशोधराबाईंच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये खणकन पडला. “बोळा काढ,” त्या म्हणाल्या, “नाही, राहू दे, रक्त येईल. लिहून सांग. नाही, बोलच!”

तस्नीम मिरजेच्या नव्या किरणकेंद्रात भौतिकशास्त्रज्ञ होती. एके काळी असे तीव्र क्ष-किरण हवे असतील तर क्रिकेटच्या मैदानाएवढं वर्तुळाकार यंत्र लागे. आता ते एका दालनात मावू लागलं होतं. मिरजेच्या दवाखान्यांनी मिळून ते बसवलं होतं, गाठींच्या आत डोकावायला. रविवारी पेशंट नसत तेव्हा तस्नीम त्याच्याशी आपले खेळ करी.

“फितीवरचं चित्र म्हणजे चांदीचे कण,” तिने दुसऱ्या दिवशी फोनवर नीट समजावून सांगितलं. “सेल्युलॉइडमधून क्ष-किरण आरपार जातात, चांदी त्यांना अडवते. गोळा यंत्रात ठेवायचा, हळूहळू फिरवायचा आणि प्रत्येक कोनातून छाया घ्यायची. त्या हजारो छायांवरून संगणक गोळ्यातला चांदीचा प्रत्येक कण कुठे आहे ते ठरवतो. मग ते वेटोळं संगणकातच उलगडायचं. खऱ्या गोळ्याला बोटही लावायचं नाही.”

“आणि जिथे थर एकमेकांत मुरलेत तिथे?”

“तिथे तुमची चार रिळं लागतील. प्रत्येक कॅमेऱ्याच्या खिडकीला स्वतःचे ओरखडे असतात. ते प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी उमटतात. ते ओळखीचे झाले की संगणकाला कळतं, हा कण या थरातला, तो त्या.”

“गोळ्याला काही होईल का?”

“किरणांनी थोडी ऊब येणारच. आम्ही थंड ठेवू, भोवती नायट्रोजन भरू, आग लागणार नाही. पण तो आतून कोरडा पडून ढासळेल. एकदाच वाचता येईल, मॅडम.”

यशोधराबाईंनी दुपारच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि सांगलीची बस पकडली. बसला ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे ‘जरा दामटा की’ असं सांगायलाही कुणी नव्हतं. सगळा रस्ताभर त्या पुढच्या दांडीवर बोटं वाजवत बसल्या.

अच्युतरावांनी दार उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “डॉक्टर! घरी येऊन दात काढायची सोय सुरू केलीस की काय?”

“गोळा दे,” यशोधराबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. अच्युतराव ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग हट्टी झाला.

“एकदाच वाचता येईल आणि मग भुगा. म्हणजे जगात एकुलती एक असलेली वस्तू मी आपल्या हाताने संपवायची.”

“नाहीतरी ती संपतेच आहे. मागच्या उन्हाळ्यात तिला घाम सुटला होता, तूच फोन करून सांगितलंस.”

“यशू, गेली वीस वर्षं मी सांगतोय, खून भावजयीने केला. तू म्हणतेस बुवाने. तो डबा बंद आहे तोवर मी हरलेलो नाही.”

“आणि तिचं पीठ झालं की तू कायमचा न हरलेला राहशील. छान! मग पिठासमोर बसून युक्तिवाद कर.”

अच्युतराव हसले, अगदी मनापासून. मग आत गेले आणि कापडात गुंडाळलेला डबा दोन्ही हातांनी धरून आणला. “मी यंत्राजवळ बसणार,” ते म्हणाले. “आणि चित्र दिसायला लागलं की आधी मला सांगायचं.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तिघं काचेमागे बसले होते. पलीकडे थंड पेटीत तो तपकिरी गोळा इतक्या सावकाश फिरत होता की तो फिरतोय हे पटत नव्हतं. पडद्यावर आधी धुकं आलं, मग धुक्यात गोल गोल रेषा, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारख्या. यशोधराबाईंनी जन्मभर दातांचे एक्स-रे पाहिले होते. पण हे पाहताना त्या खुर्चीच्या कडेवर आल्या.

“उलगडते हं,” तस्नीम म्हणाली.

रेषा सरळ झाल्या. राखाडी पट्टीवर एक डाग आला, डागाला कडा फुटल्या आणि तो हात झाला. कुणाचा तरी हात, बोटं पसरलेला, शंभरहून अधिक वर्षांत कुणी न पाहिलेला.

“हात!” अच्युतराव ओरडले. “यशू, हात बघ!” त्यांनी यशोधराबाईंचा खांदा गच्च धरला होता. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत गोळा ढासळला. पेटीच्या तळाशी तपकिरी भुगा उरला, पण सगळं वाचून झालं होतं. आठवडाभर संगणकाने काम केलं आणि तस्नीमने दोघांना बोलावून पाचवं रीळ दाखवलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की दोघंही पुढे सरकून बसले. कॅमेरा चेहऱ्यांवरून सरकत जातो. बुवा. कुलकर्णी. भावजय. तिथे थांबतो. भावजयीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटतं, ती मान मागे टाकून खदाखदा हसते आणि पदराखालून कट्यार काढून फौजदाराच्या पायाशी फेकते. समाप्त.

अच्युतराव खुर्चीतून उडालेच. “भावजय! मी काय म्हणत होतो? काय म्हणत होतो मी?” त्यांनी तस्नीमशी हात मिळवला, यशोधराबाईंशी मिळवला, चहा घेऊन आलेल्या माणसाशीही मिळवला. किरणकेंद्राचे संचालक धावत आले. पुढच्या शनिवारी कोल्हापुरात जाहीर खेळ करायचं तिथल्या तिथे ठरलं. सांगलीला पोचेपर्यंत अच्युतरावांचे निम्म्या बार असोसिएशनला फोन करून झाले होते.

यशोधराबाई मात्र घरी आल्या त्या शेवट मनात घोळवतच. हरल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पण शेवट फारच सरळ होता. चार रिळं एवढी चलाखीने रचणारा माणूस पाचव्यात इतका आळशी होईल? शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्यांनी तस्नीमने दिलेली प्रत पुन्हा लावली आणि भावजय हसली तिथे चित्र थांबवलं.

दात एका ओळीत, मोत्यासारखे होते.

त्या काळी बायकांच्या भूमिका बऱ्याचदा पुरुषच करत. भावजय झालेल्या नटाचा समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता आणि त्याशेजारचा त्याच्यावर चढलेला. दुसऱ्या रिळात तो बोलताना दोनदा स्पष्ट दिसतो. मूकपटातल्या नटाच्या ओठांकडे बाकीचे लोक काय बोलला ते ओळखायला बघतात. यशोधराबाई दात बघत.

त्यांनी लगेच फोन लावला. “तस्नीम, या माणसाचे दात कुणी बसवले?”

“मॅडम, मिरजेला येता का? आत्ताच या.”

त्या पोचल्या तेव्हा तस्नीमने मोठ्या पडद्यावर तोच प्रसंग लावला होता, पण वेगळ्या रंगांत. जिथे खरंच चांदी सापडली होती तो भाग राखाडी होता. बाकीचा निळा. भावजयीच्या हसण्याच्या वेळी जवळजवळ सगळा पडदा निळा होता.

“निळं काय आहे?”

“‘पूरक’ने भरलेलं. जिथे माहिती तुटते तिथे हा प्रोग्राम अंदाजाने चित्र जोडतो आणि अंदाजात न बसणारे खरे तुकडे डाग समजून गाळतो. त्याने हजारो जुने सिनेमे पाहिलेत आणि त्यांत अशा जागी बहुतेक वेळा...”

“विधवा भावजयच खुनी असते,” यशोधराबाईंनी वाक्य पुरं केलं.

तस्नीमने मान खाली घातली. “गाठीच्या चित्रांत आम्ही ‘पूरक’ कधीच लावत नाही. तिथे चूक झाली तर माणूस जातो. इथे मला वाटलं, सिनेमाच तर आहे. लोकांना स्वच्छ दिसेल.”

“निळं काढून टाक. सगळं. नुसती चांदी दाखव.”

आता समोर जे आलं ते भयंकर होतं. फ्रेमच्या फ्रेम वितळलेल्या, मध्येच काळी भोकं, पावसासारख्या रेघा. बुवाचा अर्धा चेहरा. कुलकर्ण्याचं पागोटं. भावजयीवर कॅमेरा जेमतेम पोचतो आणि तिच्यावर थांबत नाही, तो पुढेच सरकतो! दोघी एकदम पुढे वाकल्या. गर्दी संपली. आता फक्त दगड होता, दीपमाळेचा दगड. पाया, मग वर, आणखी वर, पणत्यांची रांग, तिच्यावर दुसरी रांग.

“हा वर का चाललाय?” तस्नीम पुटपुटली.

कॅमेरा शिखराशी पोचला. तिथे शेवटची पणती लावत एक म्हातारा उभा होता, हातात काकडा, सगळा चेहरा उजळलेला. तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता.

“दिवे लावणारा!” यशोधराबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. “अगं, दिवे लावणारा! तो प्रत्येक रिळात आहे. पाठमोरा, शिडीवर, कोपऱ्यात. आम्ही त्याला माणसांत धरलंच नाही कधी!”

पुढे अक्षरांची एक पाटी होती. तिच्यातले दोनच शब्द शाबूत होते: ‘माझी लेक’. बाकीची पाटी नायट्रेटने खाल्ली होती. तिच्यानंतर फौजदार पायातले जोडे काढून शिडीपाशी उभा राहतो, वर बघतो आणि पुढे काळोख.

तस्नीम डोळे पुसत हसत होती. यशोधराबाई दालनात येरझाऱ्या घालत होत्या. मग तस्नीमला काहीतरी आठवलं आणि तिचं हसू गेलं. “मॅडम, हा नुसत्या चांदीचा कच्चा साठा प्रचंड मोठा आहे. सोमवारी पेशंटसाठी जागा लागणार आहे, म्हणून या रविवारी तो पुसणार आहेत. संचालकांनी स्वच्छ प्रत तेवढी ठेवायला सांगितलंय. त्यांना उद्या तीच दाखवायचीय. गोळा आता नाही. हे पुसलं गेलं तर...”

“गोळा कुणाचा होता?”

“वकीलसाहेबांचा. त्यांनी लेखी मागितलं तर कच्चा साठा त्यांनाच द्यावा लागेल. आणि काय दाखवायचं हेही तेच ठरवतील.”

अच्युतरावांना त्यांनी तिथेच बोलावलं. ते नवा कोट घालून आले, शनिवारच्या भाषणाची तालीम करतच. वीस वर्षं ज्या क्षणाची हा माणूस वाट बघत होता तो त्याला मिळून आठवडाही झाला नव्हता.

“अच्युत, तू जिंकलेला नाहीस,” यशोधराबाई म्हणाल्या. “मीही नाही.”

त्यांनी दाताचं सांगितलं. निळा रंग दाखवला. अच्युतरावांचा चेहरा पडत गेला. “म्हणजे ते यंत्राने रचलं?” ते म्हणाले. “भाबडेपणाने मी सगळ्या सांगलीला फोन केले.” ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कोटाचं बटण सोडलं. मग कोरड्या आवाजात म्हणाले, “खरं दाखवा.”

चित्र सुरू झालं. बुवा गेला, कुलकर्णी गेला. भावजयीवरून कॅमेरा पुढे सरकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पण दगड वर वर चढू लागला तसे ते उघडले. शिखरावरचा तो चेहरा आला आणि वकीलसाहेब ताडकन उभे राहिले.

“उजेडात उभा आहे! अरे, उजेडात उभा आहे! फौजदाराने सांगितलं होतं की तोंडावर! सगळे खाली उभे, उजेडात एकटा हाच! यशू, हा दिग्दर्शक... हा दिग्दर्शक काय माणूस असेल गं!”

“मग उद्या कुठलं दाखवायचं?” तस्नीमने विचारलं. “संचालक म्हणतील, निम्मा पडदा काळा आहे, लोक हसतील.”

“बाई,” अच्युतराव म्हणाले, “माझ्या बाजूने एक साक्षीदार उभा राहिला. देखणा, बोलका, आणि अथपासून इतिपर्यंत खोटा. त्याच्या जोरावर मी केस जिंकलो असं म्हणू? कागद आण. कच्चा साठा मागणारा अर्ज आत्ता लिहून देतो.”

शनिवारी दुपारी थिएटर गच्च भरलं होतं. खेळाआधी अच्युतराव पडद्यापुढे उभे राहिले आणि आपण गावभर काय सांगत सुटलो होतो ते त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. लोक हसले, तेही हसले. “आज जे दिसेल ते फाटकं आहे,” ते म्हणाले. “जिथे काही उरलेलं नाही तिथे काळं ठेवलंय. तिथे आम्ही कुणाकडून काही भरून घेतलेलं नाही.”

पाचवं रीळ सुरू झालं. पडद्यावरच्या रेघांना आणि भोकांना कुणी हसलं नाही. कॅमेरा भावजयीवरून पुढे सरकला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी “अरेच्चा!” म्हणालं. तो दीपमाळेवर चढू लागला आणि सगळ्या थिएटरच्या माना त्याच्याबरोबर वर होत गेल्या. म्हाताऱ्याचा चेहरा आला. ‘माझी लेक’. फौजदार जोडे काढतो. आणि काळोख.

मग एका बाईचा आवाज आला, “अहो, पण त्या लेकीचं काय झालं होतं?” दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, “इनामदारानेच काहीतरी केलं असणार!” तिसऱ्याने त्याला खोडलं. बघता बघता सगळं थिएटर बोलू लागलं, उभं राहून, खुर्च्यांवरून मागे वळून, अनोळखी माणसं एकमेकांना हाताने शिडी काढून दाखवू लागली. आणि मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं ते सगळ्यांनीच उचललं, “पहिल्यापासून लावा! परत पहिल्यापासून लावा!”

यशोधराबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत अच्युतराव येऊन बसले. दिवे मालवले आणि पहिलं रीळ सुरू झालं. इनामदाराची स्वारी आली, मागे देऊळ आणि पडद्याच्या अगदी कडेला, शिडीवर, एक पाठमोरी आकृती.

“तो बघा!” अख्खं थिएटर एका आवाजात ओरडलं. “तो बघा, तो!”

हे रीळ यशोधराबाईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. आता त्या शिडीकडेच टक लावून बघत होत्या. इनामदार खालून जाताना म्हाताऱ्याचा हात जरासा थांबतो, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

“थांबला,” त्या कुजबुजल्या. “हात थांबला त्याचा.”

“बघितलं,” अच्युतराव म्हणाले. “गप्प बस आणि पुढे बघ.”